डाऊनरिगरसाठी रॉड कसा निवडावा: धरणात डोंग्यावरून गळ ओढणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

दुकानात शिरून “सगळ्यात मजबूत रॉड दाखवा” म्हटलं की पहिली चूक तिथेच होते. समुद्रातल्या मोठ्या माशांचे व्हिडिओ पाहून लोक जाड, ताठ, न वाकणारा रॉड घेऊन येतात. मग गोसीखुर्द किंवा इटियाडोह धरणाच्या पाण्यात तो लावला की गळाची दोरी धरणारा चिमटा आपोआप सुटत राहतो, मासा लागला तर निसटतो आणि दोष जातो गळाला. डाऊनरिगरचं काम ताठ रॉडने होत नाही. त्याला तासन्‌तास कमान होऊन राहणारा आणि सुटताच सरळ उभा होणारा रॉड लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

आधी डाऊनरिगरची यंत्रणा थोडक्यात. जड वजन वेगळ्या दोरीने ठरलेल्या खोलीवर सोडायचं. आपल्या रॉडची तंगूस (गळाची दोरी) त्या वजनाजवळच्या चिमट्यात अडकवायची. लूअर (नकली मासा) किंवा आमिषाचा गळ वजनाच्या मागे काही मीटरवर पोहत राहतो. वर डोंग्यात रॉड होल्डरमध्ये असतो आणि तंगूस आवळून त्याचं टोक पाण्याकडे वाकवलेलं असतं. मासा झडप घालतो, तंगूस चिमट्यातून सुटते, रॉड झटक्यात वर येतो आणि मधली ढिली तंगूस ओढून घेतो. तिथून पुढे मासा आणि तुम्ही, मध्ये वजन नाही.

## १. रॉडच्या आधी मासा आणि पाणी ठरवा

रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी ही पद्धत नाही. हे मासे पळत्या लूअरच्या मागे लागत नाहीत. त्यांना कणीक, पेंड यांचा गोळा लावून काठावर बसणंच बरं. मरळ शिकारी आहे, पण ती उथळ पाण्यात, गवत-वेलींच्या आडोशाला राहते. बोडीत (शेतातल्या छोट्या तळ्यात) किंवा मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) डाऊनरिगर घेऊन जाणं म्हणजे नुसती हमाली.

उपयोग होतो तो मोठ्या धरणाच्या खोल पाण्यात, शिवडा आणि शिंगाळ्यासारख्या शिकारी माशांसाठी. उन्हाळ्यात तर विशेष. संथ, खोल पाण्याच्या तळाशी तेव्हा प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे मासा अगदी तळाला न राहता मधल्या थरात येतो. त्या थरात गळ नेमका धरून ठेवणं साध्या शिशाने जमत नाही, डाऊनरिगरने जमतं.

खोली अंदाजाने धरू नका. दोरीला दर मीटरवर रंगीत धागा बांधा, टोकाला दगड लावा आणि जिथे फिरणार त्या पट्ट्यात दहा-बारा ठिकाणी सोडून बघा. बुडीत क्षेत्रात जुनी झाडं, विहिरींचे काठ, घरांच्या भिंती पाण्याखाली तशाच उभ्या असतात. उन्हाळ्यात पातळी उतरली की त्या आणखी वर येतात. तिथल्या जुन्या मच्छीमाराला विचारलंत तर अर्ध्या तासात जे कळेल ते दोरीने आठवड्यात कळणार नाही.

तपासा: पाण्याची परवानगी आहे का? बहुतेक तलाव-धरणांचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेला विचारल्याशिवाय डोंगा लोटू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहात तर मासेमारीला बंदीच आहे. पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ; तेव्हा रॉड घरीच राहू द्या.

## २. डोंगा आणि होल्डर मोजा

लोक रॉड आधी घेतात आणि तो डोंग्यात कुठे बसेल हे नंतर बघतात. उलटं करा.

डोंग्याच्या काठाची जाडी, दोन्ही काठांमधलं अंतर आणि वल्हं मारणाऱ्याचा हात मागे किती जातो, ही तीन मापं घ्या. होल्डर वल्ह्याच्या वाटेत येता कामा नये. प्लास्टिकच्या पाइपचा घरगुती होल्डर चालतो, पण उन्हात राहिलेला पाइप ठिसूळ होतो. जुना असेल तर नवा तुकडा घ्या आणि काठाला दोन ठिकाणी आवळा.

मग होल्डरची खोली मोजा. पाइप ३० सेंटीमीटर खोल असेल तर रॉडची रीलमागची मूठ त्याहून ४-५ सेंटीमीटर लांब हवी, नाहीतर रील पाइपच्या तोंडावर बसते आणि हँडल फिरत नाही. मूठ पाइपात सैल जायला हवी. इथे बरेच जण फसतात, कारण रिकामा रॉड सहज निघतो. तोच रॉड वाकलेला असताना मूठ तिरकी होऊन पाइपात अडकते आणि मासा लागलेला असताना माणूस दोन्ही हातांनी होल्डरशी कुस्ती खेळत बसतो.

रॉडच्या मुठीला एक दोरी बांधून तिचं दुसरं टोक डोंग्याला बांधायची सोय आत्ताच करा.

## ३. लांबी

साधारण ८ ते ९ फूट. लांब रॉड एका झटक्यात जास्त ढिली तंगूस ओढून घेतो आणि लांबी का हवी याचं खरं कारण तेवढंच आहे. ७ फुटांखालचा रॉड दहा मीटर खोलीवरची ढिलाई पुरती खेचू शकत नाही, मग गळ रुतायच्या आत मासा तो थुंकतो. डोंगा अरुंद असेल आणि दोघंच बसणार असाल तर ८ फूट पुरे. ९ फुटी रॉड फिरवताना मागच्याच्या टोपीला लागतो, हेही लक्षात असू द्या.

## ४. ताकद आणि वाक: खरी निवड इथे

रॉडवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक ताकद, म्हणजे लाइट, मीडियम, हेवी. दुसरी ॲक्शन, म्हणजे फास्ट, मॉडरेट, स्लो. ताकद सांगते की रॉड वाकवायला किती जोर लागेल. ॲक्शन सांगते की तो कुठून वाकेल. फास्ट रॉडचं फक्त वरचं टोक वाकतं. मॉडरेट अर्ध्यापर्यंत वाकतो. स्लो मुठीपर्यंत कमान होतो.

डाऊनरिगरला मीडियम किंवा मीडियम-लाइट ताकद आणि मॉडरेट किंवा मॉडरेट-स्लो ॲक्शन घ्या. तंगुशीची मर्यादा रॉडवर छापलेली असते. आपल्या धरणांतल्या माशांसाठी १० ते २० पौंड लिहिलेला रॉड योग्य.

फास्ट रॉड का नको? तो तंगूस आवळली तरी टोकाशीच वाकतो. म्हणजे साठवलेली झेप थोडी आणि मासा लागल्यावर वर येणं फूट-दीड फुटाचं. शिवाय डोंगा लाटेवर हलला की तो धक्का रॉड गिळत नाही, सरळ चिमट्याकडे पाठवतो. चिमटा सुटतो, तुम्ही धावत रील गुंडाळता, गळाला काहीच नाही. असं चार वेळा झालं की माणूस चिमटाच घट्ट करतो. मग खरा मासा लागला तरी तो सुटत नाही.

मऊ टोकाचा आणखी एक फायदा. अर्धा किलोचा मासा लागला तर चिमटा सुटेलच असं नाही. अशा वेळी मऊ टोक मान डोलावत राहतं आणि तुम्हाला कळतं. ताठ रॉड गप्प बसतो आणि तुम्ही तासभर मेलेला मासा धरणभर फिरवता.

पण फार मऊही नको. हलक्या आमिषासाठी बनवलेले लवचिक, सडपातळ रॉड तंगूस आवळताच मुठीपर्यंत झुकतात आणि मोठ्या शिवड्याला तळातल्या झाडोऱ्यापासून वळवायला त्यांच्यात काही उरत नाही.

सावधान: बाजारात सहज मिळणारा, एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड या कामाला घेऊ नका. तो सांध्यासांध्यावर वाकतो, अखंड कमान होत नाही. कड्या फक्त प्रत्येक नळीच्या टोकाला असल्याने मधे तंगूस रॉडला घासते. आणि तासभर वाकलेला राहिला की एखादी नळी आत सरकते. मोटरसायकलवर न्यायला सोपा, एवढाच त्याचा गुण.

## ५. काच की कार्बन

फायबरग्लासचा किंवा ग्लास-कार्बन मिश्रणाचा रॉड घ्या. निव्वळ कार्बनचा रॉड हलका आणि संवेदनशील असतो, हातात धरून लूअर फेकणाऱ्याला तो आवडतो. होल्डरमध्ये ठेवलेल्या रॉडला हलकेपणाचा काय उपयोग? त्यात कार्बनला बारीक टवका गेला असेल, काठावर आपटला असेल, तर खोल वाकताना तो नेमका तिथे मोडतो. ग्लास मार खातो, वाकतो, पुन्हा सरळ होतो.

दुकानदार ग्लासला “जुनं मॉडेल” म्हणेल. म्हणू द्या.

सावधान: कार्बनमधून वीज वाहते. उघड्या धरणात डोंग्यावर उभा असलेला रॉड ही आजूबाजूची सगळ्यात उंच वस्तू असते. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग बघता बघता चढतात. पहिला गडगडाट ऐकू आला की वजन वर घ्या, रॉड आडवे ठेवा आणि काठ गाठा. ओला ग्लास रॉडही विजेपासून वाचवत नाही. काठावर, कालव्यालगत विजेच्या तारा असतील तर त्यांच्याखाली रॉड जोडू नका, उभा धरू नका.

## ६. कड्या आणि सांधा

८ फुटी रॉडला टोकाची कडी सोडून किमान ८ कड्या हव्यात. कमी असतील तर खोल वाकात तंगूस दोन कड्यांच्या मधे सरळ रेषेत ओढली जाते आणि रॉडला टेकते. वर बसणाऱ्या रीलच्या रॉडवर हे जास्त होतं.

कडीच्या आतलं चिनीमातीसारखं गुळगुळीत वलय तपासायला कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. एखादा धागा अडकला तर तिथे तडा आहे आणि ती कडी तंगूस कापणार.

दोन तुकड्यांचा रॉड चालतो. एसटीत किंवा काळीपिवळीत अखंड ८ फुटी काठी नेणार कुठे? सांधा घट्ट बसावा, पण दोन तुकड्यांमध्ये थोडी फट राहिली पाहिजे. नवा असतानाच पूर्ण टेकत असेल तर झिजल्यावर सैल होईल. नर तुकड्यावर मेणबत्ती हलकेच घासली की तो सुटत नाही आणि अडकतही नाही. कड्या एका रेषेत आहेत का, हे मुठीकडून एक डोळा मिटून बघा.

## ७. रील आणि तंगूस जुळवा

रॉड वर बसणाऱ्या रीलचा की खाली लटकणाऱ्या रीलचा, हे रॉड घेण्याआधीच ठरवावं लागतं, कारण दोघांच्या कड्यांची मापं वेगळी असतात. या कामाला वर बसणारी, ड्रमची रील बरी. वजन खाली जाताना अंगठ्याने ड्रम धरून तंगूस सावकाश सोडता येते. किती मीटर गेली हे दाखवणारं काउंटर असेल तर उत्तम. नसेल तर घरी अंगणात दहा मीटर मोजा, तेवढ्या तंगुशीला रीलचे किती वेढे लागतात ते लिहून ठेवा. खाली लटकणारी स्पिनिंग रील असेल तर काम होतं, फक्त सोडताना तंगूस भसाभस सुटते, बोटांनी धरावी लागते.

तंगूस १२ ते १५ पौंडी नायलॉनची. विणलेली ब्रेड दोरी ताणत नाही आणि चिमट्यातून घसरते. सवय होईपर्यंत ती बाजूला ठेवा. शिवड्याच्या दातांसाठी तंगूस आणि गळ यांच्या मधे फूटभर स्टीलची तार लावा. आपल्याकडच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली तंगूस वर्षभरात कमजोर होते. गाठ मारून जोराने ओढा. सहज तुटली तर सगळी बदला.

## ८. दुकानातली परीक्षा

पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली सोबत न्या. तिचं वजन साधारण एक किलो, आणि चिमटाही आपण तेवढ्याच ताणावर ठेवणार आहोत.

रॉड जोडा, रील लावा, तंगूस सगळ्या कड्यांतून ओवा आणि टोकाला बाटली बांधा. मूठ ४५ अंशांत तिरकी धरा, दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा. कमान टोकापासून सुरू होऊन मध्यापलीकडे उतरली पाहिजे आणि मुठीजवळचा तिसरा हिस्सा बराचसा सरळ राहिला पाहिजे. फक्त वरचा हातभर भाग वाकला तर परत द्या. मुठीतच वाक आला तरी परत द्या. करकर ऐकू आली तर सांध्याला हात लावून बघा, आवाज तिथून नसेल तर रॉड ठेवून निघा.

त्याच स्थितीत तंगूस कुठे रॉडला टेकते का बघा. मग बाटली हाताने उचलून घ्या. टोक दोन-तीन हेलकाव्यांत थांबायला हवं. लटलटत राहिलं तर डोंग्यावर मासा आणि लाट यांतला फरक कळणार नाही.

दुकानदार बाटली बांधू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

## ९. पाण्याआधी बंडीवर

नवा रॉड थेट धरणावर नेऊ नका. उभ्या बंडीला (बैलगाडीला) होल्डर बांधा. सहा-सात मीटरवर जमिनीत खुंटी ठोका, तिला चिमटा बांधा. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा यासाठी चालतो. त्याची पकड वाढवायची तर वर रबर गुंडाळा, कमी करायची तर स्प्रिंग थोडी सैल करा. सामान मोजायच्या ताणकाट्याने ओढून तो साधारण एक किलोला सुटतो का बघा.

आता तंगूस चिमट्यात अडकवा, आणखी चार-पाच मीटर पुढे सोडून तिचं टोक मित्राच्या हातात द्या. रॉड होल्डरमध्ये ठेवून रील गुंडाळा, टोक नीट वाकेपर्यंत. मित्राने झटका द्यायचा. चिमटा सुटल्यावर मित्राच्या हाताला लगेच ओढ जाणवली तर जोडी जमली. तंगूस जमिनीवर लोळली तर रॉड ताठ आहे किंवा तुम्ही कमी आवळला होता. पुन्हा करा.

रीलचा ब्रेकही इथेच लावा. १२ पौंडी तंगूस साधारण साडेपाच किलो सहन करते. ब्रेक तिच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे दीड किलोच्या आसपास सुटायला हवा. ताणकाटा हातात आहेच. ब्रेक चिमट्यापेक्षा सैल राहिला तर रॉड वाकवताच येणार नाही, नुसती रील फिरत राहील.

## १०. पाण्यावर क्रम चुकवू नका

1. लाइफ जॅकेट घाला, सुरी हाताशी ठेवा. डोंग्यात किमान दोघं हवेत: एक वल्ह्यावर, एक रॉडवर.
2. डोंगा आधी चालता करा. ताशी ३ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सावकाश वल्हवण्याचा वेग, या कामाला योग्य आहे. इंजिन लागतच नाही.
3. लूअर पाच-सहा मीटर मागे सोडा आणि तो नीट पोहतो का डोळ्यांनी बघा. गढूळ पाण्यात अंतर कमी, नितळ पाण्यात जास्त.
4. तंगूस चिमट्यात अडकवा. रीलचा ड्रम अंगठ्याखाली मोकळा ठेवून वजन हळूहळू सोडा.
5. वजनाच्या दोरीलाही असेच दर मीटरचे धागे असू द्या; ठरलेल्या धाग्यावर ती बांधा. मगच रॉड होल्डरमध्ये ठेवा आणि टोक पाण्याकडे झुकेपर्यंत रील गुंडाळा.

आपल्या खोलीसाठी आणि या वेगाला २ ते ३ किलोचं वजन पुरतं. तरी दोरी मागे तिरकी जाते. ती उभ्या रेषेपासून ३० अंश कलली तर १० मीटर दोरीवर खरी खोली साडेआठच्या जवळपास असते, तेवढी दोरी वाढवा. वळण मोठं घ्या. डोंगा थांबला तर वजनामागचा गळ खाली बसून झाडोऱ्यात अडकतो.

सावधान: वजनाची दोरी हाताला, कमरेला किंवा पायाला गुंडाळायची नाही. वजन बुडालेल्या झाडात अडकलं आणि कुणी उभं राहून ओढलं तर डोंगा उलटतो. बसून, डोंगा मागे नेऊन सोडवून बघा. नाही सुटलं तर दोरी कापा. वजन परत मिळतं, डोंग्याबाहेर पडलेला माणूस मिळेलच असं नाही.

## मासा लागल्यावर होणाऱ्या चुका

टोक उसळलं की माणूस रॉड उपसून डोक्यामागे झटका मारतो. गरज नाही; रॉडने गळ आधीच रुतवलेला असतो. रॉड उचला, रील फिरवून माशाचं वजन हाताला येऊ द्या, मग टोक वर ठेवून खेळवा. वल्हं लगेच थांबवू नका, चार-पाच ओढी मारा म्हणजे तंगूस ढिली पडणार नाही. मग लगेच वल्ह्यावरच्याने वजन वर घ्यायचं. नाहीतर मासा दोरीला वेढा घालतो.

शिंगाळा डोंग्यात घेताना पाठीच्या आणि बाजूच्या काट्यांकडे लक्ष ठेवा. जाळीत घ्या, पकडीने गळ काढा.

आणि रॉड वाकलेला ठेवून जेवायला बसू नका. थांबायचं असेल तर तंगूस सैल करा. घरी आल्यावर सांधा सुटा करा, फडक्याने पुसा आणि रॉड उभा किंवा पूर्ण आडवा ठेवा, सावलीत. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला रॉड पुढच्या हंगामात तसाच तिरका निघतो, आणि मग दुकानातली बाटलीची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.